तोंडी ड्रायव्हर, लेखी फायरमन

माझे सासरे व्यंकटराव बावीस वर्षं माझ्याशी खोटं बोलले, आणि ते मला कळलं माझ्याच शाळेच्या फॉर्मवरून. मी आनंदराज, चाकूर रोडवरच्या एका खाजगी शाळेत क्लार्क. लोकांच्या जन्मतारखा, आडनावं, दाखल्यातल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. घरातली एवढी मोठी चूक मात्र बावीस वर्षं नजरेला आली नाही. बायको बुद्धप्रिया म्हणते, कशी येईल? तुम्हाला ड्रायव्हरचा जावई म्हणून मिरवायचं होतं ना! असेल. मी कुठं नाही म्हणतो?

आमची सोयरीक जुळली तीच या शब्दावर. मध्यस्थानं सांगितलं, पोरीचा बाप रेल्वेत ड्रायव्हर हाय, बायको-पोरगी उमरीला आन् हे नोकरीवर पूर्णेला. माझी माय नागुबाई लगेच म्हणाली, मग ठरलं. तिच्या लेखी जगात दोनच मोठी माणसं, एक कलेक्टर आणि एक रेल्वेचा ड्रायव्हर. त्यातही कलेक्टरच्या गाडीला फाटक उघडतं आणि ड्रायव्हरच्या गाडीला फाटक बंद होऊन कलेक्टर उभा राहतो, म्हणून ड्रायव्हर मोठा. लातूरच्या आमच्या गल्लीत असं एक घर राहिलं नाही जिथं तिनं "आमचे व्याही आगीनगाडी हाकतात" हे सांगितलं नाही. तेव्हा आगीनगाडी बंद होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. पण मायला कोण सांगणार?

दोन वर्षांमागं सासूबाई गेल्या आणि मामा, म्हणजे माझे सासरे, उमरीच्या घरात एकटे पडले. बुद्धप्रियानं त्यांना लातूरला आणलं. लेकीच्या घरी, लेकीच्या सासूच्या नजरेखाली कायमचं राहायचं म्हणजे आपल्याकडं अजून माणूस अंग चोरूनच उंबरा ओलांडतो. मामाही तसेच आले. पण माय दारातूनच ओरडली, "या ड्रायव्हरसाहेब, या!" आणि मामांची मान एकदम वर झाली. तेव्हापासून सकाळचा पहिला कप त्यांचा, पंख्याखालची खुर्ची त्यांची, आणि बातम्या बघायच्या की मालिका, हा निकालही त्यांचा. मला दुसऱ्या नंबरचा चहा मिळायचा. पातळ.

बाकी माणूस महाखवचट. वय अठ्ठ्याहत्तर, दात अकरा, पण जीभ एकदम धड. डिझेल इंजिनाला ते "ट्रॅक्टर" म्हणतात. आता नांदेडला विजेच्या तारा आल्या, तर विजेच्या इंजिनाला "इस्त्री". एकदा त्यांना घेऊन नांदेड स्टेशनला गेलो होतो. विजेचं नवंकोरं इंजिन आवाज न करता येऊन उभं राहिलं. फलाटावरची पोरं फोटो काढत होती. मामांनी पाच मिनिटं त्याला खालवर न्याहाळलं आणि म्हणाले, "जावईबापू, हे इंजन हाय का फ्रीज? याला ना धूर, ना घाम. हे काय गाडी वडून राहिलं व्हय? याला तर वरून तारंनं धरून नेऊन राहिलेत." शेजारचा एक माणूस हसला, तर त्यालाही त्यांनी सोडलं नाही. "तुम्ही हसा. तार तुटली की ढकलाया उतरा."

तर फॉर्म. आमची पोरगी माझ्याच शाळेत सातवीला. मार्चमध्ये शाळेनं कुटुंबाची माहिती मागवली. "आजोबांचा व्यवसाय" या रकान्यासमोर पोरीनं आजोबांनाच लिहायला लावलं. मी गठ्ठा तपासत होतो, तर मामांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: "सेवानिवृत्त फायरमन, रेल्वे." मला वाटलं, म्हातारा विसरायला लागला. खोडून "ड्रायव्हर" लिहावं म्हणून पेन उचललं, तेवढ्यात मुख्याध्यापक गुरुपादप्पा मागं येऊन उभे राहिले.

गुरुपादप्पा निलंग्याचे. आनंद झाला की कानडीत "यप्पा" म्हणतात, राग आला तरी "यप्पा"च म्हणतात, चेहरा बघून ओळखावं लागतं. या वेळी आनंद होता. "यप्पा! आनंदराज, तुमचे सासरे फायरमन? आन् तुम्ही आत्ता सांगून राहिलात? चौदा एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह हाय, वरून पत्र आलंय, कार्यक्रमाचे फोटो पाठवायचेत. मी महिन्यापासून फायरमन हुडकून राहिलो!"

मी म्हणालो, "सर, हे रेल्वेतले..."

"रेल्वेत आग लागत न्हाई का?" म्हणाले आणि गेले. चौदाला जयंती, शाळा बंद, म्हणून कार्यक्रम पंधराला ठरला. त्या दिवशी दुपारीच बॅनर छापायला गेला. आमच्याकडं बाकी कुठलंच काम असं तडकाफडकी होत नाही.

संध्याकाळी मामांना ओट्यावर गाठलं. विचारलं, "मामा, फॉर्मवर फायरमन का लिहिलं?"

मामांनी आधी घरात बघितलं. माय आत भाजी निवडत होती. मग अगदी हळू म्हणाले, "लेखी खोटं लिहीत नसतेत. न्हाईतर चार्जशीट मिळती."

"म्हणजे?"

"म्हंजे मी फायरमन होतो, जावईबापू. ड्रायव्हर कधीच नव्हतो."

मग त्यांनी सांगितलं. एकोणीसशे सदुसष्टला पूर्णेच्या शेडमध्ये इंजिन पुसायला लागले. मग दुसरा फायरमन, मग पहिला फायरमन. भट्टीत कोळसा टाकायचा, वाफेचा काटा वर ठेवायचा. उमरीत कुणाला फायरमन कळत नव्हता. इंजिनावर दिसला तो ड्रायव्हर. लोक म्हणत गेले, हे ऐकत गेले. "खोटं मी बोललो न्हाई पयल्यांदा. लोक बोलले. मी फकस्त न्हाई म्हणलो न्हाई," असं त्यांचं कायदेशीर स्पष्टीकरण. आणि मनात होतं की, आज ना उद्या होणारच आहोत. झालेही असते. ड्रायव्हरची परीक्षा पास झाले होते, नाव यादीत होतं. आणि नव्वदमध्ये शेडमधली वाफेची इंजिनं बंद झाली.

"डिझेलच्या ट्रेनिंगला धाडलं की मला," मामा म्हणाले. "वर्गात बसवलं. फळ्यावर नुस्त्या तारा आन् इंग्रजी. आमचं इंजन कसं, बिघडलं तर कण्हायचं, खोकायचं, कुठं दुखून राहिलं ते सांगायचं. हे डिझेल एकाच आवाजात चालतंय आन् एकाच आवाजात बंद पडतंय. नापास झालो. दोनदा." ते बोटानं ओट्यावरच्या धुळीत रेघा ओढायला लागले. "शेवटच्या इंजनाची आग मीच पाडली. पाडायची म्हंजे भट्टीतला निखारा खाली राखंच्या खड्ड्यात वढायचा. तेवीस वर्षं जिला भूक लागू दिली न्हाई, तिला माझ्याच हातानं उपाशी मारलं. लई रडलो त्या दिवशी. धुराच्या नावाखाली."

"मग पुढं काय काम केलं?"

"असंच. वरकड," म्हणाले आणि विषय सोडला. मग माझा हात धरला. या माणसानं लग्नातसुद्धा माझा हात धरला नव्हता. "हे बुद्धप्रियाला सांगू नका, आन् विहीणबाईला तर बिलकूल न्हाई. त्या घरात मी ड्रायव्हर म्हणून बसून राहिलो. फायरमन म्हणून कोण बसू देईल? कळलं त्या दिवशी मी उमरीला जाणार. रिकाम्या घरात मरन, पण फजिती करून घेऊन लेकीच्या सासूचं खाणार न्हाई."

मला त्यांचा भयंकर राग आला, खरं सांगतो. एका चहाच्या कपासाठी एवढा मोठा बनाव रचायचा? पण त्याच वेळी रिकाम्या उमरीच्या घरात स्टोव्हवर खिचडी शिजवणारा अकरा दातांचा म्हातारा डोळ्यांपुढं आला. मी शब्द दिला.

पण मायला निमंत्रणाचं कळलंच. शाळेत व्याह्यांचा सत्कार म्हणल्यावर ती गप्प बसते होय! आता नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, म्हणून मामाही तयार झाले. तिनं जयंतीची पांढरी साडी दुसऱ्या दिवसासाठी पुन्हा इस्त्रीला टाकली. एकच शंका काढली, "ड्रायव्हरसाहेबांचा सत्कार आगीच्या कार्यक्रमात का म्हणून?" मामा म्हणाले, "इंजनात आग असती ना, विहीणबाई." मायचं समाधान झालं. मी गुरुपादप्पांना जाऊन पुन्हा सांगून बघितलं की सर, रेल्वेतला फायरमन वेगळा, तो आग विझवत नाही. ते म्हणाले, "नम्र माणसं अशीच बोलतात."

पंधरा तारीख. सकाळी दहालाच ऊन अंगावर येत होतं. आदल्या दिवशीच्या मिरवणुकीत घोषणा देऊन माझा घसा बसला होता, म्हणून सूत्रसंचालनातून सुटलो. मैदानावर बॅनर: "प्रमुख पाहुणे मा. व्यंकटराव, सेवानिवृत्त अग्निशामक अधिकारी." पहिल्या रांगेत माय आणि बुद्धप्रिया. माय बॅनर वाचू शकत नाही, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा बरं वाटलं. बुद्धप्रियाला वाचता येतं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पाण्याचा जार आणायला निघून गेलो.

कार्यक्रमपत्रिकेत होतं, प्रात्यक्षिक. म्हणजे आग पेटवायची आणि पाहुण्यांनी ती विझवून दाखवायची. शिपायानं मैदानात ढीग रचला होता. ओलं पाचट, बाभळीचे हिरवे फाटे, आणि वरून ट्रॅक्टरचं फाटकं टायर. काडी लावली. पेटेना. रॉकेल ओतलं. मग टायरनं धरलं आणि जो काळाकुट्ट धूर सुटला, तो थेट पाचवी ब वर गेला. पोरं खोकायला लागली, बाई तोंडाला पदर लावून पळाल्या, गुरुपादप्पा माइकवरून "घाबरू नका, हीच आग आहे" असं सांगत राहिले.

मी मामांकडं बघत होतो. खुर्चीत ते चुळबुळ करायला लागले होते. काळा धूर म्हणजे फायरमनचं नाक कापलं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. कोळसा नीट जळला की धूर फिका, ढीग घातला की काळा, आणि पुढच्या स्टेशनवरचा मास्तरसुद्धा लांबूनच ओळखायचा की आज भट्टीवर कुणीतरी गाढव आहे. दोन मिनिटं त्यांनी कळ काढली. तिसऱ्या मिनिटाला हार काढून खुर्चीवर टाकला आणि ढिगाकडं निघाले.

"अशी लावतेत व्हय आग? कुणी लावली रे ही? माय-बापानं काही शिकिवलं का न्हाई?" शिपायाच्या हातातलं खोरं त्यांनी हिसकावलं. टायर बाजूला ओढलं. फाटे उपसले, खाली हवेला जागा केली, निखारा पसरला, वर वाळकी चिपाडं. "ढीग घालू नका! थोडं थोडं टाका. पसरून टाका. कोपरे आधी भरा, मधी पोकळ ठिवा. आग खाती किती ते बघून वाढा, घरच्या माणसाला वाढतेत तसं!" पोरांना तर फार गंमत वाटली. चिपाडं आणून द्यायला रांग लागली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस कंबरेतून वळून खोरं मारत होता, आणि दर वेळी चिपाड नेमक्या जागी पडत होतं. धूर फिका झाला, मग गेलाच. आणि जाळ उठला. पुरुषभर, पिवळाधमक. पोरांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या. क्लार्क असलो तरी माणूस आहे मी.

तेवढ्यात वारं फिरलं आणि बॅनरनं पेट घेतला.

"साहेब! विझवा आता!" गुरुपादप्पा माइक हातात धरूनच ओरडले. कुणीतरी लाल नळकांडं आणून दिलं. मामांनी ते उलटसुलट करून बघितलं. "साहेब, विझवा! यप्पा! विझवा!"

"मला कुठं येतंय विझवाया?" मामा खेकसले. समोर माइक होता आणि तो चालू होता. "मी लावणारा फायरमन हाय, विझवणारा न्हाई! इंजनात कोळसा टाकायचो मी, कोळसा! ना कुठं आग विझवली, ना गाडी चालवली! ड्रायव्हर नव्हतो मी, एक दिवससुद्धा नव्हतो!"

लाउडस्पीकरवरून हे सगळं चाकूर रोडवरच्या धाब्यापर्यंत गेलं असणार. शिपायानं जार ओतून बॅनर विझवला. "मा. व्यंकटराव, सेवानिवृत्त" एवढंच उरलं होतं. माय पहिल्या रांगेतून उठली आणि कुणाकडं न बघता फाटकाबाहेर गेली.

बाहेर माय ऑटोत बसली होती, आम्हीही बसलो. वाटेत बुद्धप्रिया म्हणाली, "बाबा, मला तरी सांगायचं." घरी आल्यावर मायनं चहा टाकला. पहिला कप आणून माझ्यासमोर ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा. मामांनी ते बघितलं, आत गेले आणि पिशवी भरून बाहेर आले. "चारची नांदेड यष्टी हाय," म्हणाले. "निघतो, विहीणबाई. चुकलं माझं."

"थांबा," माय म्हणाली. "आधी मला सांगा. ड्रायव्हर करायचा काय?"

"हँडल धरायचा. पुढं बघायचा. शिट्टी वाजवायचा."

"आन् तुम्ही?"

"कोळसा टाकायचो. पाणी बघायचो. काटा खाली येऊ द्यायचा न्हाई."

"किती लांब?"

"पूर्णेपासून निजामाबादपर्यंत."

"तुम्ही कोळसा टाकला न्हाई तर?"

"गाडी उभी."

"आन् त्यानं हँडल न्हाई धरलं तर?"

मामांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "ते डबा खायला बसायचे तवा मीच धरायचो."

मायनं भिंतीवरच्या माझ्या वडिलांच्या फोटोकडं बघितलं. माझे वडील जिल्हा परिषदेचे मास्तर, सगळ्या तालुक्याचे गुरुजी. "आमच्या घरावानीच झालं की हे," ती म्हणाली. "हँडल गुरुजींच्या हातात, आन् चाळीस वर्षं कोळसा मी टाकला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन एकराची खुरपणी, दुसऱ्याच्या रानातली मजुरी, चार लेकरं, सगळं हिनं ओढलं. आणि वडिलांच्या शोकसभेत मीच माइकवर म्हणालो होतो, गुरुजींनी हे घर उभं केलं. ही मागं पोरांना चहा देत होती.

"पण तुम्ही खोटं बोललात," माय मामांना म्हणाली. "त्याचा मला राग हाय."

"अजून एक हाय," मामा म्हणाले. पिशवी हातातच होती. "आता सांगूनच जातो. इंजनं बंद झाल्यावर मला हापिसात टाकलं. ड्रायव्हरची ड्यूटी लागली की त्याच्या क्वार्टरवर जायचं, दार वाजवायचं, उठवायचं, रजिस्टरवर सही घ्यायची. मी शिकिवलेली पोरं डिझेलवर ड्रायव्हर झाली होती, त्यांची दारं वाजवायचो. त्या कामाला 'कॉल बॉय' म्हणतेत. रिटायर होईपर्यंत तेच केलं. चौदा वर्षं."

"काय म्हणतेत?"

"बॉय. म्हंजे पोरगं."

"वय काय होतं तुमचं?"

"चव्वेचाळीस होतं. सुटलो तवा अठ्ठावन्न."

माय ताडकन उभी राहिली. "चव्वेचाळीस वर्षांच्या बाप्याला पोरगं? लेकीच्या बापाला? कोण म्हणायचं?"

"समदेच. हुद्द्याचंच नाव होतं, विहीणबाई."

"जळो तो हुद्दा! ज्यानं ठिवला त्याचं तोंड जळो! आन् तुम्ही ऐकून घेतलं? चौदा वर्षं? अवो, मला सांगायचं न्हाई का? मी आले असते पूर्णेला. एकेकाच्या दारात उभं राहून इचारलं असतं, तुझ्या बापाला बॉय म्हणशील का म्हणून!" पुढचं मी लिहीत नाही, शाळेत नोकरी आहे माझी. तिनं पूर्णा कधी बघितलेली नाही. त्यातले निम्मे ड्रायव्हर आता हयातही नसतील. तिला त्याचं काही नव्हतं. ती शिव्या देत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

मामा मटकन खाली बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. या वेळी धूर नव्हता. एवढ्या वर्षांत त्यांच्या बाजूनं कुणी चिडलंच नव्हतं. चिडणार कोण? त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं.

माय दमली, पदरानं तोंड पुसलं आणि त्यांच्यावर खेकसली, "आता रडून काय राहिलात? उठा, तोंड धुवा. यष्टी गेली तुमची."